दुसऱ्या खुर्चीवरचा लाइल

लॅटिनचा विभाग बंद झाला त्या दिवशी लाइल आमुनरूड ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "रिकामी खोकी असतील तर दे. केळ्यांची नकोत, त्यांच्या तळाला भोक असतं."

मी त्याला कागदाच्या रिमांची खोकी दिली. आम्ही समोरासमोर राहतो. चर्चच्या गायनवृंदातही बरोबर असतो, तो मागच्या रांगेत, खर्जात. त्यामुळे मला त्याचा चेहरा वाचता येतो असं मला वाटायचं. त्या दिवशी मात्र त्या चेहऱ्यावर राग नव्हता की दुःख नव्हतं. रोजच्या वाटेवरचं वळण कुणीतरी उचलून नेल्यावर माणूस जसा उभा राहील, तसा तो उभा होता.

लाइल शेतकऱ्याचा मुलगा. गावाच्या उत्तरेला त्यांची साखरबीटाची जमीन. थोरला भाऊ गॉर्डी शेतीत राहिला, लाइल लॅटिन शिकला आणि विद्यापीठात शिकवायला लागला. अर्धी जमीन कागदावर लाइलची होती, पण तो दर शरदात बटाट्यांचं एक पोतं सोडून त्या जमिनीकडून काही घेत नसे. हात मात्र शेतकऱ्याचेच राहिले. फळ्यावर लिहिताना खडू त्या बोटांत दिसायचाच नाही. मतदानाला तो कोणाला मत देतो हे त्याच्या बायकोला, कॉरिनलासुद्धा माहीत नव्हतं. ती म्हणायची, "विचारलं की म्हणतो, या वेळी जरा कठीणच होतं."

विभाग बंद व्हायचं कारण साधं होतं. वर्गात चार-पाच पोरं. ज्या वसंतात तो बंद झाला, त्याच वसंतात राजधानीत आमदारांनी कायदा केला की आमच्या विद्यापीठात पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासाचं आणि वैचारिक विविधतेचं केंद्र काढायचं. एका धान्य व्यापाऱ्याच्या घराण्याने भर घातली आणि केंद्राला त्यांचं नाव लागलं, हॉलिंग्रेन केंद्र. जुन्या वनस्पतिशास्त्राच्या इमारतीचा वरचा मजला त्यांना मिळाला. गालिचे आले, चांगल्या कॉफीचं यंत्र आलं.

प्राध्यापक मंडळी भडकली. त्यांचं म्हणणं, आम्हाला न विचारता हे वरून लादलंय, इकडे विभाग बंद होतायत आणि तिकडे गालिचे. केंद्राच्या बाजूचे लोक म्हणत, तुमच्याकडे सगळे एकाच सुरात बोलतात, वेगळं मत असलेली पोरं वर्गात तोंड उघडायला घाबरतात. मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटायचं. ग्रंथालयात बसलं की असं होतं.

केंद्राच्या संचालक म्हणून रॉझलिन कीडी नावाच्या बाई पूर्वेकडून आल्या. चाळिशीच्या, भरभर चालणाऱ्या, आणि कोणाशीही बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे अगदी नीट बघणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी लाइलला बोलावलं.

"तुम्ही लॅटिन शिकवता म्हणे."

"शिकवायचो."

"मग आता इथे शिकवा. पश्चिमेचा अभ्यास करायचा आणि लॅटिन नाही, हे म्हणजे घर बांधायचं आणि पाया शेजाऱ्याकडे."

लाइल खोकी उचलून दोन इमारती पलीकडे गेला. तेच पुस्तक, तीच चार पोरं, तेच पहिल्या दिवसाचं शेतकरी आणि बैलाचं वाक्य. फक्त खिडकीतून आता वाहनतळाऐवजी देवदार दिसायचे. त्या आठवड्यात तो इतका खूश होता, की कॉरिनने आम्हाला जेवायला बोलावलं आणि त्याने तीनदा सांगितलं, "मला काही बदलावंच लागलं नाही."

त्याला ते तसं वाटत होतं. बाकीच्यांना नाही.

मार्व्ह झेलेन्का त्याचा जुना मित्र. मार्व्ह कामगार चळवळीचा इतिहास शिकवतो, मोठ्याने बोलतो, मोठ्याने जेवतो. दर हिवाळ्यात दोघे गोठलेल्या तळ्यावर मार्व्हच्या लाकडी झोपडीत बसून बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडायचे. त्या हिवाळ्यात तळं गोठून घट्ट झालं तरी मार्व्हचा फोन आला नाही. शेवटी वाण्याच्या दुकानात, गोठवलेल्या मटारांच्या कपाटापाशी गाठ पडली. मी मागेच होते.

"झोपडी लावलीस का रे?" लाइलने विचारलं.

"लावली."

"मग?"

मार्व्हने मटारांची पिशवी उगाच उलटसुलट केली. "लाइल, तू त्यांच्यात गेलास."

"मी दोन इमारती पलीकडे गेलो."

"तेच म्हणतोय मी."

"मार्व्ह, मी पहिली विभक्ती शिकवतो. आधीही पहिली विभक्तीच शिकवत होतो."

"त्यांना तू कशासाठी हवायस ते कळतंय का तुला? तुझं लॅटिन म्हणजे दुकानाच्या काचेतला पुतळा आहे. आत माल वेगळाच विकतात."

"कुठला माल?"

"ते तुला आत राहूनही दिसत नसेल तर मी बाहेरून काय दाखवू?" असं म्हणून मार्व्हने मटार परत कपाटात ठेवले आणि निघून गेला. लाइलने तीच पिशवी उचलून स्वतःच्या टोपलीत टाकली. घरी मटार कोणी खात नाही, असं नंतर कॉरिन म्हणाली.

हिवाळ्यात रॉझलिनबाईंनी गुरुवारच्या बैठकी सुरू केल्या. कल्पना चांगली होती. मंचावर दोन खुर्च्या. एक प्रश्न. एका खुर्चीवरचा माणूस होय म्हणणार, दुसऱ्यावरचा नाही. मग लोकांनी विचारायचं. आरडाओरडा नाही, शेवटी सगळ्यांना कॉफी आणि लिंबाच्या वड्या. पहिला प्रश्न ठरला, प्रत्येक विद्यार्थ्याला प्राचीन ग्रंथ वाचायला लावावेत का? होय म्हणायला शिकागोहून एक गृहस्थ आले. नाही म्हणायला आमच्याच शिक्षणशास्त्र विभागातल्या बाई येणार होत्या. त्यांनी त्या दिवशी सकाळी कळवलं की सहकाऱ्यांनी बहिष्कार घातलाय आणि त्यांना एकटीने तो मोडायचा नाही.

रॉझलिनबाई लाइलच्या खोलीत आल्या. "दुसऱ्या खुर्चीवर तुम्ही बसाल का?"

"पण मला तर वाटतं, वाचायला लावावेत."

"म्हणूनच. समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकं चांगलं मांडता येणं, याच्यासाठीच तर हे केंद्र आहे. एका संध्याकाळचा प्रश्न आहे."

लाइलला नाही म्हणायला जमत नाही. चर्चच्या मासळीच्या जेवणाला दर वर्षी सगळ्यात वास येणारं पातेलं तोच घासतो. तो दुपारभर खोलीत बसला आणि संध्याकाळी खुर्चीवर जाऊन बसला.

आणि काय बोलला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण तो असं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी पोर असं असतं की जे शब्द पाठ करतं, गुण मिळवतं, आणि आतून रिकामं राहतं. लादलेलं पुस्तक हे लादलेल्या प्रार्थनेसारखं. ओठ हलतात. आपण त्यांना वारसा देतो असं म्हणतो, पण खरं तर आपण आपल्या एकटेपणाला सोबत शोधत असतो. शिकागोच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी ब्रिएल त्याच्याकडे आली. लाइलच्या चार पोरांतली ही सगळ्यात हुशार. वडील मालवाहू ट्रक चालवतात, पोरगी पहाटे बेकरीत काम करून वर्गाला यायची, कपड्यांना दालचिनीचा वास घेऊन.

"सर, मी लॅटिन सोडलं," ती म्हणाली. "काल तुम्ही बोललात ना, त्यातलं ते पोर मीच आहे. मला कधी कळलंच नव्हतं. मी नर्सिंगला नाव घातलं. तुम्हाला थँक यू म्हणायला आले."

लाइलने हे मला ग्रंथालयात येऊन सांगितलं. तो टेबलाची कड धरून उभा होता.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"काय म्हणणार? माझ्या मनात तसं नव्हतं म्हटलं असतं, तर मी तिच्याशी खोटं बोललो असं झालं असतं. मनात होतं म्हटलं असतं, तर इतकी वर्षं काय करत होतो?"

"पण मनात होतं का नव्हतं?"

मागे दोन जण पुस्तकं घेऊन रांगेत थांबले होते.

"खुर्चीवर बसेपर्यंत नव्हतं," तो म्हणाला.

यानंतर त्याने खुर्ची टाळायला हवी होती. पण बहिष्कार चालूच राहिला आणि दुसरी खुर्ची दर गुरुवारी रिकामी राहायला लागली. लाइल कधी इकडून बसला, कधी तिकडून. गावात शहाणी माणसं म्हणायला लागली, बघा, केंद्राने एक पाळीव विरोधक ठेवलाय. केंद्राच्या बाजूची काही मंडळी म्हणायला लागली, हा आमुनरूड आतून त्यांचाच आहे, लक्ष ठेवा. लाइलला दोन्ही गोष्टी कानावर आल्या. तो कॉरिनला म्हणाला, "दोघांपैकी कोणाचं तरी बरोबर असेल, पण मला कोणी सांगत नाहीये कोणाचं."

मग आला वारशाचा गुरुवार.

प्रश्न होता, आईबापांची मालमत्ता मुलांकडे आपोआप जावी का? यावर दोन्ही खुर्च्या भरल्या होत्या. होय म्हणायला राजधानीतले एक वकील, नाही म्हणायला अर्थशास्त्राचे एक गृहस्थ, ज्यांनी बहिष्काराला न जुमानता यायचं कबूल केलं होतं. लाइल आनंदात होता. त्याने गॉर्डीला मुद्दाम फोन केला. गॉर्डी त्या हिवाळ्यात मृत्युपत्राच्या विचारात होता. मुलगा ट्रेंट मिनियापोलिसला संगणकात, त्याला बीट आणि सलगम यातला फरकही धड सांगता येत नसे.

"ये तू," लाइल म्हणाला. "वकील चांगला आहे. तुझ्या कामाचं काहीतरी ऐकायला मिळेल. लिंबाच्या वड्याही असतात."

गुरुवारी दुपारी अर्थशास्त्राच्या गृहस्थांना ताप आला. खरा होता की विभागातल्या बैठकीतून आला होता, कोण जाणे. दुसरी खुर्ची पुन्हा लाइलवर आली. त्याने आधी गॉर्डीला येऊ नकोस म्हणून सांगायला फोन लावला. गॉर्डी गोठलेल्या रस्त्याने गावाकडे निघालेला, आणि त्याचा फोन नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या खिडकीत.

सभागृहात गॉर्डी तिसऱ्या रांगेत बसला होता. अंगात चर्चचा कोट, हातात टोपी. मंचावर वकिलासमोर आपला धाकटा भाऊ बसलेला पाहून तो हसला आणि शेजारच्या बाईंना म्हणाला, "तो माझा भाऊ." ते मी ऐकलं.

लाइलने सुरुवातीला मोघम बोलून वेळ काढायचा प्रयत्न केला. पण समोरचे वकील हुशार होते, त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, आजोबांनी लागवडीखाली आणलेली जमीन नातवाने धरावी, याच्याहून जुनी आणि पवित्र रीत पश्चिमेत दुसरी आहे का? आणि लाइलमध्ये काहीतरी पेटलं. तो म्हणाला, माझ्या नावावर अर्धं शेत आहे. मी त्यात नांगर धरला नाही, गारपिटीत जागलो नाही, एक बीट उपटलं नाही. जे माझं आहे ते फक्त मी कोणाच्या पोटी आलो म्हणून माझं आहे. त्याच चिखलात एक माणूस वर्षानुवर्षं उभा आहे, त्याला त्या जमिनीचा ओला कोपरा कुठला आणि कोरडा कुठला हे डोळे मिटून कळतं, आणि तो मरेल तेव्हा त्याच्या नावावर फक्त बुटांचा जोड असेल. याला आपण रीत म्हणतो. मी याला नशीब म्हणतो, आणि नशिबाला पवित्र म्हणायची मला लाज वाटते.

टाळ्या पडल्या. गॉर्डी उठून बाहेर गेला होता.

लाइल कोट न घालताच मागे धावला. वाहनतळावर गॉर्डी ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता, खरं तर काच स्वच्छ होती.

"गॉर्डी, ते मी नव्हतो. म्हणजे, मी होतो. दुसरा माणूस आला नाही म्हणून मला बसवलं."

"सगळ्या गावासमोर म्हणालास, मला हे फुकट मिळालं."

"मी माझ्याबद्दल म्हणालो."

"अर्धं तुझं, अर्धं माझं. तुझं फुकट, मग माझं काय विकत?" गॉर्डीने खरवडणी खिशात टाकली. "तू खरंच असं मानतोस?"

"ती खुर्ची होती, गॉर्डी."

"आवाज तुझा होता."

तो निघून गेला. ईस्टरला आला नाही. बटाटे शरदातच येतात, नाहीतर तेही आले नसते, असं कॉरिन म्हणाली.

आणि गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी मार्व्ह झेलेन्का लाइलच्या दाराशी. हातात धुरावलेल्या माशाची पिशवी.

"अरे लेका," मार्व्ह म्हणाला, "कोणीतरी ध्वनिफीत पाठवली. त्यांच्याच मंचावर, त्यांच्याच पैशाने चाललेल्या कार्यक्रमात, काय ऐकवलंस. मी तुला ओळखलंच नाही. माफ कर मला."

"मार्व्ह, मला तसं वाटतं की नाही हे मला माहीत नाही."

"कळतं रे. तिथे नोकरी करायची म्हणजे असं बोलावं लागतं. माझ्यापाशी नको नाटक." आणि डोळा मारला. "तळं अजून गोठलेलं आहे. शनिवारी ये."

लाइल शनिवारी गेला. झोपडीत बसून मार्व्ह तास-दोन तास बोलला आणि लाइल भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत राहिला. नंतर मला म्हणाला, "ज्या बोलण्याने भाऊ दुरावला त्याच बोलण्याने मित्र परत आला. आणि ते बोलणं माझं आहे की नाही, ते त्या दोघांना माहीत आहे. मलाच माहीत नाही."

त्याने रॉझलिनबाईंकडे जाऊन सांगितलं की आता मला बसवू नका. त्यांनी दार लावून घेतलं, कॉफी दिली.

"तुम्हाला काय त्रास होतो, नेमका?" त्यांनी विचारलं.

"मी जे बोलतो ते लोकांना पटतं."

"ते वाईट आहे?"

"मला पटायच्या आधी त्यांना पटतं."

रॉझलिनबाईंनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "लाइल, मी इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, लोकांना दोन्ही बाजू नीट ऐकवल्या की ते जास्त शहाणे होतील. आणि तुमच्याकडे बघून वाटतं, दोन्ही बाजू सगळ्यात नीट ऐकलेला माणूस या इमारतीत तुम्हीच आहात." लाइलला हे कौतुक होतं की दुसरं काही, ते कळलं नाही. मी त्याला म्हटलं, त्यांनाही कळलं नसेल. पण त्यानंतर त्यांनी त्याला बसवलं नाही. एक-दोन गुरुवार खुर्ची रिकामीच ठेवून बैठक झाली, आणि रिकाम्या खुर्चीचाही गावात अर्थ लावला गेला, अर्थातच दोन प्रकारचा.

मे महिन्यात पेरणी उरकल्यावर गॉर्डी आला. न कळवता, कामाच्या कपड्यांत. मी कॉरिनला रुबार्बचे आंबट देठ द्यायला गेले होते, तशीच स्वयंपाकघरात अडकले. गॉर्डीने बूट दाराशी काढले, खुर्ची ओढली आणि बोलायला लागला. मधे थांबलाच नाही.

"ट्रेंटशी बोललो. त्याला जमीन नको. म्हणजे नावावर हवी, यायला नको. म्हणाला, बाबा, तुमच्यामागे चांगल्या किमतीला विकू. मी रात्रभर... नाही, झोपलो मी, पण सकाळी उठलो तर तुझं ते बोलणं डोक्यात. चिखलात उभा असलेला माणूस. तू एफ्राइनबद्दलच बोलत होतास ना?"

एफ्राइन रुइझ हा गॉर्डीचा गडी. तरुणपणी दक्षिणेतून बीटाच्या हंगामाला म्हणून आला आणि राहिला. शेताच्या कडेच्या घरात बायको-मुलीसह राहतो.

लाइलने कप खाली ठेवला. "मी कोणाबद्दलच... मी एक उदाहरण दिलं."

"ओला कोपरा, कोरडा कोपरा. ते एफ्राइनच. मला राग आला तो त्याचाच. खरं होतं म्हणून." गॉर्डीने टोपी मांडीवर ठेवली. "तर माझं ठरलंय. जमीन एफ्राइनला द्यायची. फुकट नाही, तो घेणारही नाही. पिकातून फेडेल, त्याला झेपेल तसं. माझी अर्धी. आणि तुझी अर्धी, कारण तू तर बोलूनच बसलायस."

कॉरिनने माझ्याकडे पाहिलं. लाइल उभा राहिला, खिडकीपाशी गेला, परत आला.

"गॉर्डी, थांब जरा. बापाची जमीन आहे."

"आजोबांची."

"आजोबांनी हातांनी दगड वेचले. आई त्या ओढ्यापाशी..." त्याने हाताने उत्तरेकडे दाखवलं. "चार पिढ्या एका जमिनीवर राहतात, तेव्हा माणसाला आपण कोण ते कळतं. ते एका सहीत जातं. ट्रेंटला आज नको असेल, त्याच्या मुलांना हवं असेल. जे अजून जन्मले नाहीत त्यांचाही त्यात वाटा असतो."

"हे वकील म्हणाला होता," गॉर्डी म्हणाला.

"म्हणू दे."

"आणि तू त्याला उत्तर दिलंस. तू म्हणालास, जे जन्मले नाहीत त्यांच्या नावाने जे जन्मलेत त्यांना उपाशी ठेवू नका. मला पाठ आहे. मी तीनदा ऐकलं ते. ट्रेंटकडून फोनवर लावून घेतलं."

"तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बसलो होतो."

"मग आत्ता कुठल्या बाजूला बसलायस?"

लाइलने खाली पाहिलं. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला होता, ज्याच्यावर चढून कॉरिन वरच्या फडताळातले डबे काढते.

"मला विचार करू दे," तो म्हणाला.

"कर. पण माझ्याशी वाद घालू नकोस. तू वाद घातलास की मी हरतो, आणि मग मी काय मानतो ते मलाच आठवत नाही. आपल्या घरात एकाला असं झालं तेवढं पुरे."

ते ऐकून कॉरिन हसली, मग गॉर्डी हसला. लाइल सगळ्यांत शेवटी. भावाभावांमधलं तेवढ्यापुरतं मिटलं. गॉर्डी रुबार्बचा केक खाऊन गेला.

पुढचे आठवडे लाइल विचार करत होता. मी त्याला अंगणात गवत कापायचं यंत्र बंद ठेवून त्याच्या दांड्याला धरून उभा असलेला पाहायचे. एकदा त्याने कुंपणापाशी मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "एफ्राइनला द्यावी." तो म्हणाला, "का?" मी कारणं सांगितली. तो म्हणाला, "हो, पण," आणि इतकं चांगलं उत्तर दिलं की मी म्हटलं, मग नको द्यायला. तेव्हा तो म्हणाला, "नाही, तुझं आधीचंच बरोबर होतं." मी घरात जाऊन भांडी घासली.

शेवटी त्याने सही केली. का केली हे मी त्याला विचारलं. मला वाटलं होतं, आता तरी सांगेल की अखेर अमुक एक पटलं. तो म्हणाला, "गॉर्डीला एकदा काहीतरी स्वतःच्या मनाने करावंसं वाटलंय. ते माझ्यामुळे अडायला नको. जरी ते माझ्यामुळेच सुरू झालं असलं तरी." ट्रेंट काही महिने बोलला नाही, मग बोलायला लागला. मार्व्हने ती गोष्ट आपल्या वर्गात सांगितली. केंद्राच्या वार्षिक जेवणात हॉलिंग्रेन घराण्यातल्या एका म्हाताऱ्याने लाइलचा हात हातात घेऊन सांगितलं, "स्वतःची मालमत्ता स्वतःच्या मर्जीने ज्याला हवी त्याला द्यायची, याचंच नाव स्वातंत्र्य. तुम्ही आमच्या विचारांचा मान राखलात." लाइलने आभार मानले. काय करणार?

ऑक्टोबरात बीट काढायला सुरुवात झाली. एका रविवारी चर्चनंतर लाइल म्हणाला, "मी शेतावर चाललोय, येता का?" मी आणि कॉरिन त्याच्या गाडीत बसलो. जमीन काळी, ओली, रस्त्यावर ट्रकमधून सांडलेली बीटं. एफ्राइन यंत्रावरून खाली उतरला, हात पुसले आणि लाइलचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही.

"गॉर्डी म्हणतात हे तुमच्यामुळे झालं," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात म्हणे."

"मी..." लाइल म्हणाला. "हो. बोललो."

"माझ्या बायकोने ते ऐकलं. रडली." एफ्राइनने पलीकडच्या घराकडे हात केला. "मी तिला म्हटलं, आता आपण मेलो तरी काळजी नाही. ही जमीन मारिसोलची."

"मारिसोल शेती करणार?" कॉरिनने विचारलं.

एफ्राइन हसला. "ती कशाला करेल? ती दातांची डॉक्टर होणार, तिसऱ्या वर्षाला आहे. तिला चिखल बघवत नाही. पण नावावर राहील. तिच्या, मग तिच्या मुलांच्या. माणसाने मागे काहीतरी ठेवायला हवं. नाही का?"

त्याने लाइलकडे पाहिलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं, कारण त्याच्या दृष्टीने या विषयातला जाणता माणूस लाइलच होता.

लाइलचे ओठ एकदा हलले. मला दिसत होतं, त्याच्या डोक्यात दोन्ही खुर्च्या भरल्या आहेत आणि दोघेही एकदम बोलतायत. मग तो खाली वाकला, बुटाला चिकटलेला चिखल बोटाने काढून पाहिला, आणि म्हणाला, "या वर्षी साखर कितपत भरलीय?"

"चांगली," एफ्राइन म्हणाला. "ओल्या कोपऱ्यात जरा कमी." आणि तो लाइलला तो कोपरा दाखवायला घेऊन गेला. आम्ही दोघी गाडीपाशी थांबलो. वारा फार होता, त्यामुळे ते काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. लाइल मात्र सारखी मान डोलवत होता, होकाराची की नकाराची ते इतक्या लांबून कळत नव्हतं.